सायकलवाट : तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी

मागील अंकात आम्ही वाचकांना खानदेशातील लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : शहरातून बाहेर पडून गावाकडे आणि डोंगराकडे सायकलने जायचे असेल, तर महामार्गाचा जाच टाळून कोणती वाट धरावी? निवडक पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : मी जळगावातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका असून गेली सहा वर्षे रोज सायकलने शाळेत जाते. जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात. यंदा यजमान, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि मी अशा तिघांनी दोन-तीन दिवसांची सायकल सहल करावी, असा विचार आहे. महामार्गावरच्या ट्रकांची भीती वाटते. सातपुड्यापर्यंत जाणारा सोयीचा मार्ग सुचवावा. दिवाळीच्या सुट्टीत जावे का? (एक शिक्षिका, जळगाव)

उत्तर : आपण रोज सायकल चालवता, हीच या सहलीची निम्मी तयारी आहे. उरलेली निम्मी तयारी वाट निवडण्याची आणि वेळ साधण्याची. आपल्या भागात सायकलचा पल्ला किलोमीटरच्या आधी उन्हाच्या तासांनी ठरतो, हे पहिल्यांदा मनाशी पक्के करावे. उजाडल्यापासून साडेदहा-अकरापर्यंत जे अंतर कापले जाते, तेच खरे. त्यानंतरचे प्रत्येक किलोमीटर दुपटीने अंगावर येते. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपलेला असला, तरी दुपारचे ऊन अजून ऑक्टोबरचेच असते आणि शेतरस्त्यांवरची काळी माती पुरती वाळलेली नसते. ती ओली असली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लिंपणासारखी बसते आणि सायकल जागची हलत नाही. म्हणून शक्य असेल, तर डिसेंबरच्या अखेरीस किंवा प्रजासत्ताक दिनाला जोडून जी सुट्टी मिळेल तेव्हा निघावे.

आता वाट. जळगावातून पूर्वेला भुसावळकडे आणि पश्चिमेला एरंडोल-पारोळ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे सुरत-नागपूर महामार्ग. आपल्याला तो दोन्ही बाजूंनी टाळायचा आहे, म्हणून सरळ उत्तरेला निघावे. रेल्वेमार्ग ओलांडून शिवाजीनगरकडून ममुराबादचा रस्ता धरला, की अर्ध्या तासात शहर मागे पडते. पुढे विदगाव येते आणि विदगावला तापीचा पूल. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो, त्यामुळे दिसू लागताच, म्हणजे साडेसहाला घर सोडले, तर साडेसातच्या सुमारास आपण पुलावर असता. तेथे दहा मिनिटे अवश्य थांबावे. नदीवर धुके असेल, तर पात्र दिसत नाही, फक्त काठावरच्या मोटारपंपांची धडधड ऐकू येते. हळूहळू धुके वर सरकते आणि उत्तरेला, अगदी क्षितिजाला टेकलेली, सातपुड्याची निळसर रेघ उमटते. मुलीला ती रेघ दाखवून सांगावे की उद्या आपण तेथे असू. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि सातपुडा तिला समांतर उभा आहे. या दोन रेघांमधला गाळाच्या मातीचा पट्टा म्हणजे आपल्या सहलीचा पहिला दीड दिवस.

पुलानंतर लोणी, पंचक अशी गावे घेत रस्ता धानोऱ्याला पोचतो. जळगावपासून हे अंतर सुमारे ३० किलोमीटर भरते. नदीच्या दोन्ही अंगांना पावसाने कोरलेल्या घळी असल्यामुळे काठाजवळ थोडा चढउतार लागतो, पुढे सपाटी आहे. धानोऱ्याला न्याहारी करावी. सायकलवर असताना भरल्या पोटाने ऊन्ह सोसत नाही, तेव्हा पोहे किंवा उपीट आणि दोन केळी एवढेच पुरे. शेवभाजी रात्रीसाठी राखून ठेवावी.

धानोऱ्याला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आडवा येतो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही सगळी केळीच्या व्यापाराची गावे याच रस्त्यावर आहेत. डावीकडे गेल्यास अडावद आणि तेथून डोंगराच्या कुशीतले उनपदेवचे गरम पाण्याचे कुंड लागते. एका दिवसात जाऊन परत यायचे असेल, तर तो उत्तम पल्ला आहे आणि सहलीच्या पंधरा दिवस आधी तिघांनी सराव म्हणून तो करावा, असा माझा आग्रह आहे. तीन दिवसांच्या सहलीसाठी मात्र धानोऱ्याहून उजवीकडे वळून किनगावमार्गे यावल गाठावे. या रस्त्यावर केळीचे ट्रक आणि उसाच्या बैलगाड्या दोन्ही असतात. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात काही ठिकाणी वीतभर पायरी पडलेली असते. मागून हॉर्न आला म्हणून घाबरून खाली उतरण्याच्या नादात पडण्याचा धोका ट्रकच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. डांबरावरच, कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवावे. तिघांनी एकामागोमाग राहावे, मुलीला मध्ये ठेवावे आणि सर्वांत अनुभवी माणसाने मागे राहावे. पत्रावरून ते काम आपलेच दिसते.

यावलला अकरा-साडेअकरापर्यंत पोचून दुपारी तीनपर्यंत सावलीत थांबावे. मग उरलेले पंधरा-सोळा किलोमीटर उतरत्या उन्हात करून फैजपूरला मुक्काम करावा. पहिल्या दिवशी साधारण ७५ किलोमीटर होतात. फैजपूरला काँग्रेसचे १९३६ च्या डिसेंबरातले अधिवेशन झाले होते. खेडेगावात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अध्यक्षस्थानी पंडित नेहरू होते आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. ज्या शिवारात हजारो माणसे बैलगाडीने आणि पायी आली, तेथे आपण सायकलने पोचलो, याचे मोल मुलीला नक्की कळेल. रात्री जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली, तर इतर कशाकडे वळू नये. हिवाळा हाच भरताच्या वांग्यांचा हंगाम आहे. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ती दोन्ही आपल्या वाटेवरच पिकतात.

दुसऱ्या दिवशी फैजपूरहून सावदा आणि तेथून खिरोदामार्गे पाल. अंतर पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी आहे, परंतु खिरोदा सोडल्यावर रस्ता डोंगरात शिरतो. केळीच्या बागा मागे पडून साग आणि अंजन सुरू होतात, तेव्हा चढ पायाला जाणवू लागतो. येथे कोणाशीही स्पर्धा करू नये. बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे, धाप लागून बोलणे थांबले की एक गिअर खाली यावे आणि तरीही जड वाटले, तर निःसंकोच उतरून चालावे. पाल हे यावल अभयारण्याचे प्रवेशद्वार. राहण्याची सोय आधी ठरवूनच निघावे, ऐनवेळी तेथे पर्याय थोडे असतात. अभयारण्यात आत जायचे, तर वन विभागाची परवानगी घ्यावी आणि सायंकाळनंतर जंगलातील रस्त्यावर सायकल काढू नये. दिवस उरला, तर सुकी नदीवरील धरणाच्या काठी बसावे, दुसरे काही पाहण्याची घाई करू नये.

तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने फैजपूर आणि पुढे तापीचा पूल ओलांडून भुसावळ. भुसावळ ते जळगाव हा सुमारे २५ किलोमीटरचा टप्पा महामार्गाचा आहे. तेथे थकलेल्या पायांनी आणि दुपारच्या उन्हात सायकल चालवू नये. भुसावळहून एखादी पिकअप गाडी ठरवून तीनही सायकली जळगावला आणाव्यात. एवढा मार्ग सायकलने केल्यावर शेवटच्या टप्प्यासाठी गाडी करणे कमीपणाचे आहे, असे काहींना वाटते, मला ते मुळीच पटत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट. तहान लागण्याची वाट पाहू नये. हिवाळ्यातही तासाला अर्धा लिटर पाणी पोटात गेले पाहिजे आणि दर दोन तासांनी त्यात मीठ-साखर-लिंबू किंवा जलसंजीवनीची पुडी असावी. ताक मिळेल तेथे प्यावे.

प्रश्न : मी धुळ्याचा असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) बारा तासांत पूर्ण केली. आता मित्रासोबत धुळ्याहून तोरणमाळला एका दिवसात जायचे आहे. अंतर १५० च्या आतच आहे, तर जमेल ना? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : ब्रेव्हेबद्दल आपले मनापासून अभिनंदन. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, ती आपण दीड तास राखून पूर्ण केली, म्हणजे पायांत ताकद आहे. तरीही माझे उत्तर असे आहे की एका दिवसात जाऊ नये, दोन दिवसांत जावे.

कारण अंतराच्या आकड्यात लपलेले आहे. धुळ्याहून चिमठाणेमार्गे दोंडाईचा, तेथून सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा, हा सुमारे ९० किलोमीटरचा भाग जवळपास सपाट आहे. शहाद्यापासून तोरणमाळ ५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि तोरणमाळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर. तापीच्या खोऱ्यातून वर पठारावर जाताना आपल्याला जवळजवळ हजार मीटर उंची गाठायची असते आणि त्यातली बहुतेक उंची सात पायऱ्यांच्या घाटासह शेवटच्या टप्प्यात एकदम अंगावर येते. आपण पहाटे निघालात, तरी शहादा येईतो दहा-अकरा वाजतील आणि घाट नेमका भर दुपारी, पाठीवर ९० किलोमीटर घेऊन सुरू होईल. आपली ब्रेव्हे सपाट महामार्गावर झाली असेल, तर त्या वेगाचा हिशेब येथे लागू होत नाही. घाटात ताशी सहा-सात किलोमीटर हा चांगला वेग समजावा.

मी स्वतः पहिल्या खेपेस हीच चूक केली होती. पायथ्याशी माझ्याजवळ दोन बाटल्या पाणी होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर दोन्ही संपल्या. पाणी मिळाले ते एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या झोपडीत. घरातील आजीबाईंनी मडक्यातून तांब्या भरून दिला आणि मला खाटेवर पडून राहायला लावले. मी तासभर उठलो नाही. पुढचा घाट मी सायकल हाती धरून चढलो आणि वर पोचलो तेव्हा अंधार झाला होता. त्या रस्त्यावर अंधारात असणे योग्य नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

म्हणून पहिल्या दिवशी शहाद्याला मुक्काम करावा, संध्याकाळी ब्रेक नीट तपासावेत आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून दहाच्या आत घाटाचा मोठा भाग मागे टाकावा. पुढील दातेरी चकती ३४ दातांची आणि मागील सर्वांत मोठी ३२ किंवा ३४ दातांची असेल, तर गुडघे वाचतात. शर्यतीच्या सायकलचे जड गिअर घेऊन जाऊ नये. परतीचा उतार चढापेक्षा अधिक जोखमीचा आहे. रिम ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. पुढचा आणि मागचा ब्रेक आळीपाळीने, थोडा थोडा दाबत यावे, वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. वर पोचल्यावर यशवंत तलावाच्या काठी एक रात्र काढावी. त्या उंचीवर डिसेंबरात चांगलीच थंडी असते, तेव्हा घामाचे कपडे बदलण्यासाठी कोरडा जोड आणि स्वेटर बरोबर असावा.

तारीख निवडताना एक लक्षात ठेवावे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तेथील घोड्यांचा बाजार फार मोठा असतो. त्या दिवसांत पुलाच्या परिसरात सायकल हातात धरूनच चालावे लागते. घोडे पाहायचे असतील, तर मुद्दाम त्याच दिवसांत जावे, पण मग वेळेचा हिशेब वेगळा ठेवावा.

प्रश्न : आमच्याकडे दर आठवड्याला पंक्चर होते. गावाबाहेर पाच किलोमीटर गेले की चाक बसते. टायर जाड घ्यावे की महाग? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : दोष टायरचा थोडा आणि बाभळीचा जास्त आहे. हिवाळ्यात शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडून गाडीतून ओढत नेतात, त्या रस्त्याला घासत जातात आणि मागे काटे सांडत जातात. शिवाय बांधाबांधावर वेडी बाभूळ आहेच. रस्त्याच्या अगदी कडेने चालवल्यास काटे हमखास लागतात, कारण वाहनांच्या वाऱ्याने सगळा कचरा कडेलाच जमतो. वाटेवर बाभळीची रांग दिसली की रस्त्याच्या थोडे मध्ये यावे.

खरा घोटाळा पंक्चर काढताना होतो. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसल्यावर बाहेरच्या बाजूने मोडतो. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र मिलिमीटरभर टोक शिल्लक राहते. आपण नवी ट्यूब घालतो, हवा भरतो आणि दोन किलोमीटरवर ते टोक नव्या ट्यूबमध्येही शिरते. त्यासाठी ट्यूब बाहेर काढल्यावर प्रथम हवा भरून भोक शोधावे, मग ट्यूब टायरच्या शेजारी, वॉल्व्हच्या जागेशी जुळवून धरावी, म्हणजे टायरमध्ये काटा साधारण कोठे असेल ते कळते. नंतर टायरच्या आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवावा. बोट फिरवू नये, ते फाटते. कापसाचा धागा जेथे अडकेल, तेथे काट्याचे टोक आहे. ते आतून नखाने वर उचलून नेलकटरने किंवा चिमट्याने पकडून ओढावे. एवढे झाल्यावरच ट्यूब काचकागदाने घासावी, सोल्युशन लावावे, ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत पाच मिनिटे थांबावे आणि मग पट्टी दाबून बसवावी. बहुतेकांची पट्टी सुटते ती ही पाच मिनिटे न थांबल्यामुळे.

टायर ३२ ते ३८ मिलिमीटर रुंदीचे, आत काटारोधक थर असलेले घ्यावे. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत ठेवावा. लांब जाताना दोन जादा ट्यूब, पट्ट्या, सोल्युशन, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या आणि पंप सोबत असलाच पाहिजे.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो आहे. वय ६२. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तरुणपणी सायकलनेच यार्डात जात असे. पुन्हा सुरुवात करावी का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्या डॉक्टरांना विचारून अवश्य करावी. पहिला महिना रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर, त्यानंतर आठवड्यातून एक लांब फेरी. भुसावळकरांना हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयाइतकी चांगली जागा नाही. सकाळी स्थलांतरित बदके पाहावीत, डबा खावा आणि ऊन चढण्याआधी परतावे. चक्कर, छातीत दडपण किंवा अकारण धाप जाणवल्यास त्याच क्षणी थांबावे आणि त्या दिवशी सायकलवर परत येऊ नये.

प्रश्न : माझी केळीची बाग अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून आहे. हिवाळ्यात दर रविवारी जळगावकडून सायकलवाले येतात. चांगली माणसे आहेत, पण विचारल्याशिवाय बागेत शिरतात, फोटो काढतात, सायकली शेतरस्त्यात आडव्या लावतात. मागच्या महिन्यात कटाई चालू असताना गाडी तासभर अडली. आपण सायकलचे एवढे लिहिता, तर हेही लिहावे. (एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : आपले म्हणणे योग्य आहे आणि ते येथे छापणे माझे कर्तव्य आहे. ज्यांच्या शिवारातून आपण जातो, त्यांच्या कामाची वेळ सायकलस्वारांना ठाऊक असलीच पाहिजे.

शहरातील वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. घड कापला की तो जमिनीवर टेकू द्यायचा नसतो. मजूर तो खांद्यावर घेऊन पानांच्या गादीवर ठेवतात, तेथून गाडीत भरला जातो. सालीला खरचटले की भाव उतरतो. भरलेली गाडी शेतरस्त्यात तासभर उभी राहणे म्हणजे उन्हात माल तापणे आणि मजुरांची हजेरी वाया जाणे. बागेच्या कडेने ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. वाळलेल्या पाल्याखाली त्या दिसत नाहीत आणि सायकलचे चाक वरून गेले, की ड्रीपर निखळतो किंवा जोड सुटतो, पण ते त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी पाणी सोडल्यावर एका ओळीला पाणी पोचत नाही, तेव्हा शेतकऱ्याला कळते. शिवाय केळीचा चीक कपड्यांना लागला, तर तो डाग कधीच निघत नाही.

तेव्हा सायकल डांबरी रस्त्याच्या कडेला, शेताचे तोंड मोकळे ठेवून उभी करावी. बागेत जायचे असेल, तर बांधावरूनच हाक मारून विचारावे. कटाई चालू दिसली, तर थांबूही नये. माझा अनुभव असा आहे की “राम राम, थोडं बसू का सावलीत?” एवढे विचारल्यावर आजवर मला कोणी नाही म्हटलेले नाही. उलट पिकलेल्या केळ्यांची फणी हातात ठेवली गेली आणि पैसे द्यायला गेलो, तर घेतले नाहीत. अशा वेळी बागेतल्या मजुरांसाठी पुढच्या गावातून चहा पाठवण्याची व्यवस्था करावी. चहावाले ओळखीचे असतात, कोणाची बाग एवढे सांगितले की किटली बरोबर पोचते.